शंभर मैलांचा टेंपो

भिवंडीच्या गोदामातून माल भरून निघालेला पिकअप माणकोलीच्या पुलावर चढतो, तेव्हा चालकानं ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी काटा ८० ओलांडत नाही. मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक लावणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि या रस्त्यांची गर्दी बघता ते योग्यच आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर तर त्या नियंत्रकाला दिवसभर कामच नसतं. तरीही नेमकी अशीच एक छोटी डिझेल मालवाहू गाडी घेऊन ती सरळ रेषेत जास्तीत जास्त किती वेगानं पळवता येईल, हा खेळ जगात मोठ्या गांभीर्यानं खेळला जातो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात अशी गाडी तयार होऊ शकेल का, त्याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो: गाडी हा या प्रश्नाचा सोपा अर्धा भाग आहे. अवघड अर्धा भाग जमिनीचा आणि कागदपत्रांचा आहे. एमएच ०५ची पाटी मिरवणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही.

या प्रकाराला लँड स्पीड म्हणतात. शेजारी दुसरी गाडी नसते, वळणं नसतात, प्रतिस्पर्धी असतं ते घड्याळ. मोजलेला मैल किंवा किलोमीटर गाडी किती सेकंदांत कापते एवढंच बघायचं. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या नियमानुसार एका दिशेनं धावून तासाभराच्या आत उलट दिशेनंही धावावं लागतं आणि दोन्हींची सरासरी धरली जाते. वाऱ्याचा आणि उताराचा फायदा त्यात कटतो. पहिली नोंद १८९८च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये झाली, ताशी ६३ किलोमीटर, आणि ती गाडी विजेवर चालणारी होती. सर्वांत वरची नोंद १९९७च्या १५ ऑक्टोबरची, थ्रस्ट एसएससी या जेट गाडीची, ताशी १,२२७ किलोमीटरच्या वर. या दोन टोकांच्या मध्ये शेकडो वर्ग आहेत आणि सामान्य माणसाला रस वाटावा असं जे काही आहे ते त्या वर्गांतच आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं पठार आहे. १९४९पासून तिथं दर उन्हाळ्यात ‘स्पीड वीक’ भरतो आणि घरच्या गॅरेजात बांधलेल्या गाड्या घेऊन लोक येतात. छोटे पिकअप, डिझेल ट्रक यांचे तिथं वेगळे वर्ग आहेत. पाऊस जास्त झाला किंवा मिठाचा थर पातळ पडला, तर अख्खा सोहळा रद्द होतो. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं तो झालाच नाही.

डिझेल आणि वेग यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. क्लेसी कमिन्स या अमेरिकन माणसाला डिझेल इंजिनं खपवायची होती आणि गिऱ्हाईक त्यांना बोटीच्या आणि पंपाच्या लायकीचं समजत होतं. १९३०च्या जानेवारीत त्यानं एका पॅकार्ड गाडीत आपलं इंजिन घातलं आणि इंडियानापोलिस ते न्यूयॉर्क हा प्रवास १.३८ डॉलरच्या इंधनात केला. मग १९३१मध्ये डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याच्या डिझेल गाडीनं ताशी १००.७५५ मैल, म्हणजे १६२ किलोमीटरची नोंद केली. त्याच वर्षी त्याची गाडी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत एकदाही न थांबता शेवटपर्यंत धावली. पुढे ब्रिटनच्या जॉर्ज आयस्टननं १९३६ साली बॉनव्हिलवर डिझेलचा आकडा १५९ मैलांच्या आसपास नेला. त्याचं इंजिन एईसीचं होतं, ती कंपनी लंडनच्या बस बनवायची.

यातला धागा लक्षात घेण्यासारखा आहे. डिझेलचे बहुतेक विक्रम हे काबाडकष्ट करणाऱ्या इंजिनांच्या भावंडांनी केलेत, आणि त्यातली काही भावंडं आपल्या रस्त्यावर आजही माल ओढतात. मर्सिडीजच्या सी१११ या प्रायोगिक गाडीनं १९७६ आणि १९७८ साली इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळाकार ट्रॅकवर डिझेलचे विक्रम केले. १९७८च्या गाडीनं २३० अश्वशक्तीवर ताशी ३२० किलोमीटरच्या आसपासची गती तासन् तास टिकवली. त्या गाडीचं पाच सिलिंडरचं ३,००५ सीसी इंजिन म्हणजे मर्सिडीजच्याच चार सिलिंडरच्या २,४०४ सीसी इंजिनाला एक सिलिंडर जोडून केलेलं. हे चार सिलिंडरचं घराणं म्हणजे ओएम ६१६. बजाज टेंपोनं परवाना घेऊन ते पुण्यात बनवलं आणि मॅटाडोर, ट्रॅक्स या गाड्यांत घातलं. म्हणजे शहापूर-मुरबाडकडे माणसं कोंबून जाणाऱ्या ट्रॅक्सच्या बोनेटखाली नार्दोच्या विक्रमवीराचा सख्खा भाऊ होता. फक्त त्याला कुणी टर्बो दिला नाही आणि सरळ रस्ताही.

दुसरं उदाहरण तर आपल्या नाक्यानाक्यावर रस्ता खोदत उभं असतं. २००६च्या ऑगस्टमध्ये जेसीबी कंपनीनं ‘डिझेलमॅक्स’ नावाची लांबलचक गाडी बॉनव्हिलवर नेली. तिच्यात कंपनीच्याच जेसीबी ४४४ या इंजिनाची दोन रूपं होती. बॅकहो लोडरमध्ये जे साडेचार लिटरच्या आतबाहेरचं इंजिन असतं ते फुगवून पाच लिटरचं केलेलं, प्रत्येकी ७५० अश्वशक्तीचं. थ्रस्ट एसएससी चालवणारे अँडी ग्रीनच तिचे चालक. २३ ऑगस्टला दोन्ही दिशांची सरासरी भरली ताशी ३५०.०९२ मैल, ५६३ किलोमीटर. इंजिनात ताकद शिल्लक होती, टायरनी मर्यादा घातली. गाडीत थंडाव्यासाठी बर्फ भरलेला होता आणि सुरुवातीला तिला मागून ढकलायला कंपनीचाच ट्रॅक्टर लावला होता.

पण डिझेलमॅक्स हा कारखान्याचा प्रकल्प होता. गॅरेजवाल्याला उपयोगी पडेल असा धडा गेल बँक्स या कॅलिफोर्नियातल्या इंजिन बांधणाऱ्यानं २००२मध्ये घालून दिला. त्यानं डॉज डकोटा हा मध्यम आकाराचा पिकअप घेतला आणि त्यात मोठ्या ट्रकचं ५.९ लिटर कमिन्स इंजिन बसवून ते ७३५ अश्वशक्तीपर्यंत नेलं. हा पिकअप रस्त्यावर चालवत, मागं स्वतःचाच सामानाचा ट्रेलर ओढत बॉनव्हिलला गेला आणि तिथं ताशी २१७ मैलांची, म्हणजे जवळपास ३५० किलोमीटरची नोंद करून आला. स्वतःच्या चाकांवर कामाला जाणं, विक्रम करणं आणि परत ओझं ओढणं हे ज्याला जमतं तो खरा ट्रक, हे बँक्सचं म्हणणं मला पटतं. नुसत्या कवचाला ट्रकचा आकार देऊन आत रॉकेट बसवण्यात तो आनंद नाही.

आता हिशोब. आपल्यासाठी पहिलं उद्दिष्ट ताशी १०० मैल, १६१ किलोमीटर, म्हणजे १९३१ साली कमिन्सनं गाठलं तेच. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पिकअप म्हणजे हवेसाठी भिंत. आपल्याकडचा साधारण पिकअप घेतला, वजन १,६०० किलो धरलं, आणि समोरचा भाग व हवेचा रोध यांचा गुणाकार १.३५ चौरस मीटर धरला, तर समुद्रसपाटीजवळच्या हवेत १६० किलोमीटर वेग राखायला चाकांपाशी १०८ अश्वशक्ती लागते, इंजिनापाशी सव्वाशेच्या आसपास. वेग २००वर न्यायचा तर इंजिनापाशी साधारण २३५ हवेत. वेग चौथाईनं वाढला आणि ताकदीची गरज जवळजवळ दुप्पट झाली, कारण हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. या खेळात पैसे कुठं जातात ते या एका ओळीत आहे.

इथं एक प्रामाणिक अडचण सांगायला हवी. आज शोरूममध्ये मिळणारी टोयोटा हायलक्स २.८ लिटर आणि दोनशेच्या पुढे अश्वशक्ती घेऊन येते. इसुझूचा व्ही-क्रॉसही दणकट आहे. अशी गाडी घेतली की १०० मैल हा प्रश्न चेकबुकानं सुटतो, आणि मग लिहिण्यासारखं फार उरत नाही. खरा खेळ आहे तो रोजच्या कामाच्या गाडीत: टाटा २०७, बोलेरो पिकअप, झेनॉन. दुसऱ्या टोकाला टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, सगळ्यांना मोहात पाडतो. २००५ साली आलेल्या या गाडीचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन म्हणजे इंडिकाच्या १,४०५ सीसी इंजिनाचा अर्धा भाग, १६ अश्वशक्तीचा. त्या जागी दुसरं इंजिन बसवायची कल्पना कुणालाही सुचेल, आणि ९० अश्वशक्तीचं १,२४८ सीसी मल्टिजेट डोळ्यांसमोर येईल. फियाटचं हे इंजिन स्विफ्टपासून पुंटोपर्यंत निम्म्या देशानं वापरलं. मी मात्र त्या वाटेला जाऊ नका म्हणेन. एसच्या दोन आसांमधलं अंतर अवघं २.१ मीटर आहे आणि अंगलट उंच. सव्वाशेच्या वेगाला आडवा वारा लागला की गाडी कुठं तोंड करील ते सांगता येणार नाही. लांब आसाचा पिकअप दिसायला कमी मजेशीर, पण चालक घरी परततो.

पिकअप ठरला की पहिलं काम इंजिनाचं नसतं. पाटे बदलून किंवा आस पाट्यांच्या वर घेऊन गाडी खाली बसवायची, पुढचा बंपर जमिनीच्या जवळ आणायचा, आरसे काढायचे, हौद्यावर सपाट झाकण घालायचं. रोधाचा तो गुणाकार १.३५वरून १.१ झाला तरी १६०च्या वेगाला इंजिनावरचा बोजा वीसेक अश्वशक्तीनं उतरतो. वेल्डिंग आणि पत्र्याच्या खर्चात एवढी ताकद दुसरीकडे कुठं मिळत नाही. गॅरेजात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे फाळका काढून टाका, हवा मागून निघून जाईल. तो चुकीचा आहे. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्यावरून सरकत जाते. फाळका काढला की ती सगळी घडी मोडते आणि रोध बहुधा वाढतोच. झाकण घालणं हाच शहाणपणा.

दुसरा गचका गिअरचा. डिझेल ४,००० फेऱ्यांच्या वर फारसं खुशीनं फिरत नाही. पिकअपच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरला, तर ताशी २०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे १,५०० वेळा फिरतं. माल ओढण्यासाठी बसवलेलं ४.३चं क्राऊन-पिनियन आणि ०.८चा वरचा गिअर असेल, तर इंजिनाला ५,२०० फेऱ्या माराव्या लागतील. तिथं ते पोचणार नाही, पोचलं तर एकाच तुकड्यात परतणार नाही. म्हणजे डिफरन्शियल ३.३च्या आसपासचं हवं, आणि तसं ते मालवाहू गाडीतून मिळत नाही, एसयूव्हीच्या किंवा कारच्या भंगारातून शोधावं लागतं. टायरचं तर बोलूच नये. बाजूवर लिहिलेलं वेगाचं अक्षर कुणी वाचत नाही. ‘क्यू’ म्हणजे १६०, ‘एस’ म्हणजे १८०, ‘व्ही’ म्हणजे २४०. आणि रिमोल्ड टायर घालून यायचं असेल तर माणसानं घरीच बसावं.

मग इंजिन. जुन्या इंजिनात मेकॅनिकल पंप असतो. पंपवाला कॅलिब्रेशनच्या बाकावर तो खोलून डिझेल वाढवतो आणि गाडी काळा धूर सोडू लागते. धूर बघून पोरं खूश होतात, पण तो न जळलेला पैसा आहे. डिझेल वाढवलं की त्याला पुरेल एवढी हवा हवी, म्हणून मोठा टर्बो, आणि टर्बोतली हवा तापते म्हणून मोठा इंटरकूलर. कॉमन रेल इंजिनात हेच काम रीमॅपनं होतं. रस्त्यावर ताकद पाच-सहा सेकंद लागते. इथं मात्र पेडल मिनिटभर किंवा जास्त तळालाच असतं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तापमान चढतच राहतं. पिस्टन वितळतात ते इथं. म्हणून रेकॉर्डच्या गाड्या इंटरकूलरला बर्फाचं पाणी देतात. बर्फ संपायच्या आत धाव संपते. शिवाय डिझेलची एक खास दहशत: टर्बोचं सील फुटलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. त्यासाठी हवेची वाटच बंद करणारी झडप चालकाच्या हाताशी असायलाच हवी. रोल केज, सहा पट्ट्यांचा बेल्ट, अग्निशमन, प्रॉपेलर शाफ्टखाली पट्टी हे बाकीचं सगळं त्याच यादीतलं.

हे करणारे हात या पट्ट्यात आहेत का? मला वाटतं, इतके हात एका लोकलच्या मार्गावर क्वचितच सापडतील. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १९६२च्या १ ऑगस्टला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येच झाली. तिथून डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत लेथ, मिलिंग, हीट ट्रीटमेंट, पाइप वाकवणारे, डाय बनवणारे पसरले. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, आणि यंत्रांचे नमुने घडवायलाच उभारलेला सरकारी कारखानाही आहे. कल्याणच्या डिझेल लोको शेडमध्ये टर्बो आणि इंजेक्टर यांची देखभाल करून निवृत्त झालेले फिटर गावोगाव आहेत. त्यांच्या हातून गेलेला एकेक टर्बो आपल्या पिकअपच्या इंजिनाएवढा असायचा.

आणि डोंबिवलीनं तर छोटी डिझेल गाडीच बनवली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं नव्वदच्या दशकात फ्रेंच प्यूजोशी भागीदारी केली आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडू लागली, पेट्रोल आणि डिझेल दोन्ही. त्या घराण्याचं १,५२७ सीसी डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्येही आलं. भागीदारी काही वर्षांतच मोडली, कामगार आणि गिऱ्हाईक दोघांचेही हाल झाले, आणि कारखान्याच्या परिसरात आता इमारती उभ्या आहेत. ‘प्रीमियर ग्राउंड’ हे नाव सभांच्या बातम्यांत तेवढं टिकून आहे. डिझेल कारची जुळणी शिकलेली एक अख्खी पिढी त्या दरवाज्यातून बाहेर पडली. त्यातले कितीतरी पुढे गॅरेजं चालवत राहिले.

तरुण मंडळींची बाजूही चांगली आहे. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाची ओरायन रेसिंग, व्हीजेटीआयचा संघ असे विद्यार्थ्यांचे गट फॉर्म्युला पद्धतीच्या गाड्या स्वतः बांधतात, रोल केजचं गणित कागदावर मांडतात. त्यांना पत्र्याचं आणि पाट्यांचं ज्ञान कमी, मिस्त्रीला संगणकावरच्या हवेच्या प्रवाहाचं. दोघं एका गॅरेजात बसले तर काम होईल. सहसा ते बसत नाहीत.

कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९च्या जानेवारीत ते ठणकावून सांगितलं. म्हणजे बँक्ससारखं तोच पिकअप रस्त्यावर चालवत नेणं आपल्याकडे जमणार नाही. नोंदणी उतरवलेली गाडी दुसऱ्या ट्रकवर लादून न्यावी लागेल. १८९वं कलम सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेण्याबद्दल आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोडबंदर रस्त्यावर किंवा पाम बीचवर रात्री हौस भागवणाऱ्यांनी हे वाचावं, आणि कायद्याच्याही आधी तिथं रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा विचार करावा.

उरते जागा. १६०साठी वेग धरायला, मोजायला आणि थांबायला मिळून दोन-तीन किलोमीटर सरळ, सपाट, कुंपण असलेली पट्टी हवी. जगभर हा प्रश्न महायुद्धातल्या विमानतळांनी सोडवला. २०१९ साली जेसीबीच्याच फास्ट्रॅक ट्रॅक्टरनं दोन्ही दिशांची सरासरी ताशी २१७ किलोमीटर नोंदवली ती इंग्लंडमधल्या एल्व्हिंग्टनच्या जुन्या हवाई तळावर, तीनेक किलोमीटरच्या धावपट्टीवर. चेन्नईजवळच्या शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवरच भारतीय मोटार शर्यती वाढल्या, आणि मुंबईत एके काळी जुहूच्या धावपट्टीवर गाड्या पळत.

कल्याणलाही तशी जागा आहे, हाजी मलंग रस्त्यावर नेवाळीला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी विमानतळासाठी घेतलेली दीड हजार एकरांहून अधिक जमीन. नकाशा बघून एखाद्या वेगवेड्याचे डोळे चमकतील. पण ती जमीन आज संरक्षण खात्याची म्हणून नौदल सांगतं आणि आमची परत द्या म्हणून शेतकरी सांगतात. २२ जून २०१७ रोजी भिंत घालण्यावरून तिथं जाळपोळ आणि छर्‍यांच्या माऱ्यापर्यंत प्रकरण गेलं. ज्या मातीवर माणसं पिढ्यान् पिढ्या दावा सांगत आहेत तिथं आपण टायमिंगचे दिवे लावायला जाणं अशोभनीय आहे. नेवाळी यादीतून खोडावी.

मग व्यवहार्य काय? लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत अनेक वर्षं झाली. तिथं डिझेल गाड्यांनाही वर्ग होते, पण अंतर पाव मैलाचं. तेवढ्यात पिकअप तापतही नाही. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत चाचणी-मार्ग आहे, मात्र हौशी माणसाला तिथं दार किलकिलं होणंही कठीण. खरी जागा पीथमपूरची: इंदूरजवळच्या नॅट्रॅक्समध्ये ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा लंबगोल ट्रॅक आहे, २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचं उद्‌घाटन केलं. विशेष म्हणजे ठाण्यातून सुटणारा आग्रा रोडच भिवंडी, नाशिक, धुळे करत त्याच्या शेजारून जातो. ट्रॅक भाड्यानं मिळतो, उद्योगांना. एखाद्या क्लबनं मोटार क्रीडा महासंघाचा परवाना काढून दिवसभराची वेळ घेतली आणि वीस गाड्यांत खर्च वाटला, तर हे स्वप्न जमिनीवर येतं. ट्रक शर्यतीचं वावडं भारताला आहे असंही नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०१४पासून टाटांनी प्राइमा ट्रकांची शर्यत भरवली आणि पुढे तिथं आपले महामार्गावरचे चालक शिकून उतरले.

कल्याण-अंबरनाथच्या गावांत वेगाचं वेड नवं नाही. बैलगाडा शर्यतीवर २०१४ साली बंदी आली, २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अटींसह ती उठवली, आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात बैलगाडा संघटनांनी आंदोलनं केली, वकील लावले, नियम मान्य केले, पशुवैद्य बसवले. ते बैल शर्यतीला जातात तेही पिकअपच्या हौद्यातून. मोटारवाल्या पोरांना त्या संघटनेचा दशांश जरी जमला तरी पुरे.

कामाचा क्रम मला उलटा सुचतो. आधी क्लब नोंदवावा आणि ट्रॅकची तारीख मिळवावी. ती मिळेपर्यंत इंजिनाला पाना लावू नये. मग सेकंडहँड पिकअप घेऊन, चांगले टायर आणि रोल केज घालून, तो मूळ इंजिनासह एकदा तिथं पळवावा, दोन्ही दिशांनी, जीपीएसच्या घड्याळावर, आणि आकडा लिहून ठेवावा. समजा तो १३० भरला. मग हौदा झाकून, गाडी खाली बसवून पुन्हा. त्यानंतर डिफरन्शियल, आणि टर्बो सगळ्यांत शेवटी.